एका शब्दाचे रसग्रहण

पस्तीस वर्षं मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. म्हणजे पस्तीस वर्षं मी फळ्यावर 'पुढील ओळींचे रसग्रहण करा' असं लिहिलं आणि पस्तीस वर्षं मुलांनी 'या ओळींतून कवीने आपल्या मनातील भावना सुंदर शब्दांत व्यक्त केल्या आहेत' असं उत्तर लिहिलं. कविता पावसावर असो, आईवर असो, नाहीतर बैलावर असो, उत्तर तेच. चारांपैकी दोन गुण मी देत आलो. पुढं पुढं तर मलाच वाटायला लागलं की मुलांचं काय चुकलं? कवी तरी दुसरं काय करतात?

२०१० साली मी निवृत्त झालो. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात निवृत्त मराठी शिक्षकाकडे कागद घेऊन येणारे लोक तीन प्रकारचे. एक, ज्यांना कविता झाली आहे असे. दोन, ज्यांच्या घरी लग्न निघालं आहे आणि पत्रिकेत आत्याबाईंचं नाव कितव्या ओळीत घालावं हा पेच आहे असे. तीन, ज्यांच्या घरी कुणी गेलं आहे आणि फलकावर दोन ओळी हव्यात असे. त्यामुळं परवा संध्याकाळी दिगंबर हातात कागदांची घडी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मी आधी त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिन्हींपैकी कोणता प्रकार, ते चेहऱ्यावरून ओळखता येतं. पण अंदाज लागेना.

"सर, एवढं जरा वाचून सांगा," तो म्हणाला. "तुम्ही मराठीचे."

दिगंबर माझा विद्यार्थी. रसग्रहणात दोनचाच गडी, पण अक्षर मोत्यासारखं. आता शेहेचाळीस वर्षांचा आहे आणि एका खेड्यातल्या शाळेत भूगोल शिकवतो. मी घडी उलगडली. कविता नव्हती, पत्रिका नव्हती, श्रद्धांजलीही नव्हती. तो शासन निर्णय होता.

आमच्या समीक्षकांनी ग्रामीण साहित्याची दखल घेतली, दलित साहित्याची घेतली, विज्ञानकथेची घेतली, बालगीतांनासुद्धा सोडलं नाही. पण मराठीत सर्वांत जिवाच्या आकांतानं वाचला जाणारा जो वाङ्मयप्रकार, त्याच्याकडं त्यांनी पाठ फिरवली आहे. प्रेमपत्रसुद्धा माणूस दहा-वीसदा वाचतो आणि लग्न झालं की विसरतो. शासन निर्णयाची लोक वर्षानुवर्षं पारायणं करतात. दिगंबरनं स्वतःच्या प्रतीला प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं आणि समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं काढली होती. माझ्या पुस्तकाला असा वाचक मिळाला असता तर मी दुसरं पुस्तक लिहिलं असतं.

या वाङ्मयप्रकाराची घडण पक्की असते. आरंभी 'संदर्भ', म्हणजे आधीच्या शासन निर्णयांची वंशावळ. मग 'प्रस्तावना'. तिच्या शेवटी ठरलेलं पालुपद येतं, 'ही बाब शासनाच्या विचाराधीन होती.' या साहित्यात नायक नाही, नायिका नाही, 'बाब' आहे. ती बाब कित्येक वर्षं विचाराधीन असते. आपल्या कादंबऱ्यांतल्या नायिका फार तर चार वर्षं वाट पाहून विष घेतात किंवा प्राध्यापिका होतात. बाब यातलं काहीच करत नाही. ती विचाराधीन राहते. मग 'अटी व शर्ती', आणि शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने सही.

भाषेचं म्हणाल तर या लेखकाची कर्मणी प्रयोगावर अतोनात भक्ती. 'मान्यता देण्यात येत आहे', 'अट शिथिल करण्यात येत आहे', 'प्रस्ताव अमान्य करण्यात येत आहे.' आम्ही व्याकरणाच्या तासाला विचारायचो, वाक्यातला कर्ता ओळखा. इथं ओळखून दाखवा! देणारा दिसत नाही, नाकारणाराही दिसत नाही. सगळं आपोआप देण्यात येतं आणि आपोआप काढून घेण्यात येतं. गीतेत फळाची आशा सोडून कर्म करायला सांगितलं आहे. इथं कर्त्यालाच सोडलेलं आहे.

पण मला रसग्रहण करायचं आहे ते या साऱ्याचं नाही. मला एका शब्दाचं करायचं आहे. तो शब्द म्हणजे 'कायम'.

आमच्या तरुणपणी या शब्दाला जे तेज होतं ते आता सांगून पटायचं नाही. मी १९७५ साली नोकरीला लागलो तो तात्पुरता. तात्पुरता मास्तर म्हणजे वर्गात मुलांना दटावायचं आणि ऑफिसात शिपायाला 'अहो' म्हणायचं. १९७७ साली मी कायम झालो. त्या दिवशी आईनं पेढे वाटले. महिन्याभरात लग्न ठरलं. मुलगी पाहायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, गाणं येतं का विचारलं नाही, पत्ते खेळता का हेही नाही. एकच प्रश्न विचारला, "कायम आहात ना?" मी हो म्हटलं. आतून पोहे आले.

खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा जो १९७७ चा कायदा आहे, त्यातही हा शब्द आहे. दोन वर्षांची परिविक्षा समाधानकारक पुरी केली की माणूस कायम झाला असं मानलं जावं. त्याच्याआधी मास्तर ही संस्थाचालकांच्या घरची मोलकरीण होती. सही एका आकड्यावर आणि हातात दुसरा आकडा, हे आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी सोसलं. 'कायम' या तीन अक्षरांनी मास्तराला पाठीचा कणा दिला.

आणि तो कणा आहे की नाही हे लगेच तपासलंही गेलं. १९७७ च्या डिसेंबरात राज्यातले सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता द्या, ही मागणी. कर्णिकांच्या नेतृत्वाखालचा तो संप ५४ दिवस चालला, १९७८ च्या फेब्रुवारीपर्यंत. माझं लग्न होऊन सात महिने झाले होते. वाण्याच्या वहीत माझं पान भरलं, मग मागचं पान भरलं. एक दिवस वाणी म्हणाला, "मास्तर, तुमचा संप आधी मिटतो का माझा गूळ आधी संपतो, बघू." पण त्यानं गूळ बंद केला नाही. कारण त्यालाही ठाऊक होतं, माणूस कायम आहे. आज ना उद्या पगार येणार. उधारीसुद्धा कायम माणसालाच मिळते.

ते ५४ दिवस मी पुढं बत्तीस वर्षं वर्गात सांगितले. विषय कोणताही असो. 'श्रावणातल्या पावसाचं वर्णन' शिकवताना मी संपावर कसा येत असे, हे माझे विद्यार्थी अजून एकमेकांना करून दाखवतात. दिगंबर त्या वर्गांत बसला होता.

२००४ साली तो बी.एड. होऊन माझ्याकडं आला. एका खेड्यात नवी शाळा निघाली होती, तिथं जागा होती. "धरू का नोकरी?" त्यानं विचारलं. मी खुर्चीत सरसावून बसलो आणि म्हणालो, "धर. आज ना उद्या कायम होशील."

आता इथं आपल्या शब्दाच्या अर्थच्छटा पाहायच्या. पूर्वीची पद्धत अशी होती की, शाळा काढायची, काही वर्षं विनाअनुदानित चालवायची, मग टप्प्याटप्प्यानं अनुदान लागायचं. २००१ च्या नोव्हेंबरात शासनाने ठरवलं की यापुढं नव्या शाळांना परवानगी मिळेल ती 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर. पाहा, शब्द तोच, ज्याच्यासाठी आईनं पेढे वाटले होते. फक्त जागा बदलली. आधी तो माणसाच्या मागं लागत होता, आता अनुदानाच्या नकारापुढं लागला. अलंकाराच्या तासाला मी यमक शिकवलं, श्लेष शिकवला. पण एका शब्दानं एका पिढीला नोकरी द्यावी आणि त्याच शब्दानं पुढच्या पिढीचा पगार न्यावा, असा श्लेष मला मोरोपंतांतही सापडला नाही.

सरकारची बाजू नाही असं नाही. शिक्षणावरच्या खर्चाचा मोठा हिस्सा पगारात जातो आणि उरलेल्यात खडू येतात. ते खडूही नेहमी येतात असं नाही. अनुदानित शाळांना खडू, झाडू, वीजबिल यांसाठी जे वेतनेतर अनुदान मिळायचं, ते २००४ पासून बंद होऊन २०१३ पासून पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात मी खडूचा तुकडा नखात धरून लिहायला शिकलो. शिवाय आपल्याकडं ज्याला निवडणूक लढवायची असते तो आधी शाळा काढतो. तेव्हा 'ज्याला शाळा काढायची त्यानं स्वतःच्या हिमतीवर काढावी' हे तिजोरीच्या बाजूनं ऐकायला गैर वाटत नाही. शहरात इंग्रजी माध्यमाच्या शाळेला ते जमतं. तिथं हिंमत पालकांच्या खिशातून येते. दिगंबरच्या शाळेत येणारी पोरं ऊसतोड्यांची आणि शेतमजुरांची. त्यांच्याकडून फी मागायची तर आधी त्यांच्या बापांना पगार लावावा लागला असता. संस्थेनं अट मान्य केली, परवानगी घेतली, पाटी लावली. सही संस्थेची आणि उपास मास्तरांचा.

संस्था त्याला मानधन देत असे. 'मानधन' हा शब्दही तपासून पाहण्यासारखा आहे. धन नसेल तेव्हा निदान मान असावा अशी त्यात सोय आहे. दिगंबरला कधी हजार मिळत, कधी दीड हजार, कधी 'पुढच्या महिन्यात बघू'. मग तो पहाटे दूध संकलन केंद्रावर मापं टिपायला लागला. वर्गात पोरं विचारायची, "सर, आज आमच्या म्हशीला फॅट किती लागली?" पृथ्वीचा परीघ विचारणारं पोर मात्र त्याला अजून भेटलेलं नाही.

२००८ साली त्याचं लग्न जमायची वेळ आली. मुलीच्या वडिलांनी तोच प्रश्न विचारला, जो मला विचारला होता, "कायम आहात ना?" दिगंबर खोटं बोलणारा नाही. तो म्हणाला, "शाळा कायम आहे." आतून पोहे आले. पुढचा शब्द सासऱ्यांना लग्नानंतर कळला. ते भले गृहस्थ, एवढंच म्हणाले, "जावईबापू, तुमचं मराठी फार चांगलं." ते श्रेय माझं आहे, असं मी कुणाला सांगितलेलं नाही.

२००९ साली शासनाने 'कायम' हा शब्द वगळला. एका शब्दाचं संपादन! पण नुसता शब्द खोडून गूळ येत नाही. आता शाळा नुसती 'विनाअनुदानित' झाली. मग मूल्यांकन सुरू झालं. मग पात्र आणि अपात्र, घोषित आणि अघोषित, मग त्रुटी, मग त्रुटींची पूर्तता. या शब्दांचा एक कोश व्हायला हवा. पहिले २० टक्के आले ते २०१६ साली. म्हणजे रुजू झाल्यापासून बाराव्या वर्षी. त्याला रामानं वनवासातून परत यायला लागली त्यापेक्षा दोनच वर्षं कमी लागली, आणि रामाला परतल्यावर पुरं राज्य मिळालं होतं. दिगंबरच्या हातात साडेसहा हजारांच्या आसपास पडले. तो पेढे घेऊन आला. सौ. म्हणाली, "अरे, पावशेरच आणायचे, वीस टक्के." तो म्हणाला, "काकू, पावशेरच आहेत."

पुढं २०२० च्या नोव्हेंबरपासून ४० टक्के आणि २०२३ च्या जानेवारीपासून ६० टक्के. मास्तरकीची खोड जात नाही, म्हणून मी हे सगळं एका जुन्या निकालपत्रकावर मांडून पाहिलं. दहावीला उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात. म्हणजे शासन २०१६ साली २० गुण मिळवून साफ नापास. पुढल्या खेपेला ४० मिळवून काठावर पास. २०२३ साली ६०, म्हणजे प्रथम श्रेणी. पोरगं सुधारतंय. पण एकाच परीक्षेला इतक्या वेळा बसलेला विद्यार्थी माझ्या साऱ्या कारकिर्दीत पाहिल्याचं आठवत नाही.

आता समीक्षकानं दुसऱ्याचं लिखाण तपासताना स्वतःचं दप्तर लपवू नये. २००१ सालचा तो निर्णय निघाला तेव्हा मी आमच्या संघटनेच्या तालुका शाखेचा चिटणीस होतो. आम्ही सभा घेतली होती. इतिवृत्ताची वही अजून माझ्या ट्रंकेत आहे. हे सगळं लिहिताना मी ती काढून पाहिली. विषय क्रमांक एक, मागील इतिवृत्त कायम करणे. (पाहा, इथंही तो शब्द आहेच.) विषय दोन, महागाई भत्त्याचा थकित हप्ता. यावर अकरा जण बोलले. विषय तीन, निवृत्त सभासदांचा सत्कार, शाल की चादर. यावर चौदा. आणि 'आयत्या वेळचे विषय' यात शेवटची ओळ माझ्याच अक्षरात आहे : 'नवीन शाळांबाबतच्या शासन निर्णयाची नोंद घेण्यात आली.'

नोंद घेण्यात आली. कर्ता ओळखा!

आम्ही वाईट माणसं नव्हतो. ५४ दिवस एकजुटीनं उपाशी राहिलेली माणसं होतो. पण आमची एकजूट ज्या दारातून आत आली ते दार आमच्या मागं लागत होतं, आणि आम्ही सत्काराच्या शालीचा पोत पाहत होतो. पाचवा आयोग झाला, सहावा झाला, सातवा झाला. त्या प्रत्येक आयोगानं माझ्या पगारात आणि मग पेन्शनीत भर घातली. ज्या आकड्याचे ६० टक्के दिगंबरला मिळतात तो आकडा आम्हीच भांडून वाढवलेला आहे, हे मी त्याला एकदा सांगितलं. तो म्हणाला, "होय सर, उपकार आहेत." त्यानं हे उपरोधानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण उपरोध हा धडा मी त्यांच्या वर्गाला शिकवायचा राहून गेला होता.

२०२३ च्या मार्चमध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत कर्मचारी संपावर गेले. घोषणा म्हणून चांगली. यमक जुळतं, आणि अर्ध्या इंग्रजीत असल्यामुळं मंत्रालयालाही कळते. आठवड्याच्या आत संप मागं घेतला गेला. त्या वेळी दिगंबरनं मला विचारलं होतं, "सर, मी पेन्शनसाठी संप करू का आधी पगारासाठी?" पुढल्या टप्प्याचा निर्णय २०२४ च्या ऑक्टोबरात झाला आणि त्या निर्णयातले पैसे मिळावेत म्हणून ही मंडळी २०२५ च्या जुलैत भर पावसात आझाद मैदानात जाऊन बसली. दिगंबर सिद्धेश्वर एक्सप्रेसनं गेला होता. भूगोलाचा शिक्षक असल्यामुळं कोकणातल्या पावसाची सरासरी त्याला पाठ होती. छत्री मात्र घरी विसरला.

तर परवा तो हा कागद घेऊन आला. त्याची शंका अशी होती. "सर, इथं लिहिलंय, 'निधीच्या उपलब्धतेनुसार अनुज्ञेय राहील.' अनुज्ञेय राहील म्हणजे मिळेल, का मिळू शकेल?"

मी चष्मा पुसला. वाक्य मोठ्यानं वाचलं. मग मनात वाचलं. मग शब्दकोश काढला. अनुज्ञेय, म्हणजे अनुज्ञा देण्याजोगा. म्हणजे द्यायला हरकत नसलेला. हरकत नाही याचा अर्थ देणार असा होतो का? पस्तीस वर्षं ज्ञानेश्वरांपासून मर्ढेकरांपर्यंत मी सगळ्यांचा अर्थ बिनदिक्कत सांगत आलो. कवी कधी उलटून विचारायला आले नाहीत. इथं मात्र शेहेचाळीस वर्षांचा विद्यार्थी समोर बसला होता आणि उत्तरावर त्याच्या घरावरचा पत्रा अवलंबून होता.

सौ. चहा घेऊन आली. म्हणाली, "अहो, सरळ सांगा ना, कळलं नाही म्हणून. बिचारा केव्हाचा बसलाय."

"कळलं नाही, दिगंबरा," मी म्हटलं. शिक्षक म्हणून हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं.

त्याला वाईट वाटलं नाही. उलट हायसं वाटलेलं दिसलं. कदाचित इतकी वर्षं त्याला वाटत असावं की आपलंच मराठी कच्चं. त्यानं कागदाची घडी केली, कव्हरात घातली. चहा घेतला. जाता जाता दारात थांबला.

"सर, अजून एक. पोरगी बारावीला आहे. म्हणते, मी तुमच्यासारखी शिक्षिका होणार. ऐकत नाही. आजोबा सरांना विचार म्हणते. ते म्हणतील तसं करीन. रविवारी घेऊन येऊ का?"

त्याच खुर्चीत मी बसलो होतो. २००४ साली होतो त्याच. मुलगी हुशार आहे, मी तिला ओळखतो. रसग्रहणात चारांपैकी चार मिळवते. तिच्यासारखी मुलगी खेड्यातल्या वर्गात उभी राहिली तर ऊसतोड्यांच्या पोरांचं सोनं होईल, हे मला कळतं. आणि तिचा बाप पहाटे दुधाची मापं टिपतो, हेही मला दिसतं. यातलं तिला कोणतं सांगायचं? आणि जे सांगीन त्याचा कर्ता या खेपेला तरी मीच असायला नको का?

"आण," मी म्हणालो. "रविवारी आण."

आज शुक्रवार आहे. पहिली तारीख होऊन गेली, पेन्शन जमा झाली आहे. ही बाब माझ्या विचाराधीन आहे.